वंशावळ काढताना घराण्यात कैदी सापडला तर? नवख्यांसाठी पायरी पायरीने

२०२३ च्या शेवटाला आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. चुलतभावाने टाकलेला, खाली लिहिलेलं 'सापडली नोंद!!!', आणि पुढचा अर्धा तास नुसते जोडलेले हात आणि फटाके. तेव्हा मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची धामधूम चालू होती, घरटी एक माणूस तहसीलच्या चकरा मारत होता. फोटोत एक पिवळं पान, नाव, बापाचं नाव, गाव, जात कुणबी. सगळ्यांनी जातीचा रकाना वाचला, शेजारचा कुणीच वाचला नाही. रात्री दहाला आमच्या आत्याने, जी एरवी ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग टाकते, विचारलं, "हे कसलं रजिस्टर आहे रे? यात ३०२ कशाला लिहिलंय?"

त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा आलं नाही.

झालं असं होतं की सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीने नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा महसूल आणि शाळांच्या दप्तराबरोबर पोलीस आणि कारागृहाची जुनी रजिस्टरंही धुंडाळायची होती, कारण त्यातही जात लिहिलेली असायची. त्यामुळे आमच्यासारख्या बऱ्याच घरांना एकाच पानावर दाखला पण मिळाला आणि धक्का पण. मी त्यानंतर दीड वर्ष त्या एका माणसाच्या मागे लागलो. घरात त्यांना 'थोरले' म्हणायचे, नाव घेत नसत. त्या दीड वर्षात जे चुकत माकत शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, पण प्रत्येकाला याच क्रमाने जाता येईल असं नाही, जो कागद आधी हाती लागेल तिथून सुरू करा.

पायरी १ : आधी घरात कान लावा

ऑनलाइन काही शोधायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसा. पुरुष माणसं अशा बाबतीत घराण्याची अब्रू आधी बघतात, बायका खरं सांगतात, फक्त आडून सांगतात. "ते खडी फोडायला गेलते", "सरकारी पाहुणे होते काही वर्षं", "परागंदा झाले", "काशीला गेले ते आलेच नाहीत", असली वाक्यं आली की पेन काढा. तारखा विचारू नका, त्या कुणाला आठवत नाहीत. "तेव्हा आजोबा केवढे होते? लग्न झालेलं का? प्लेगच्या आधी का नंतर?" असं विचारा.

अजून एक गोष्ट बघा, जी मला फार उशिरा सुचली. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला येतं. आमच्या वंशावळीत तीनच नावं आलटून पालटून पाच पिढ्या चालली आहेत, आणि एक नाव आहे जे एकदा येऊन परत कधीच आलं नाही. ते थोरल्यांचं. ज्या नावाचा नातू नाही, पणतू नाही, त्या माणसाबद्दल घरात काहीतरी घडलेलं असतं, म्हणजे नेहमीच गुन्हा असेल असं नाही, कधी वेडसरपणा, कधी महारोग, कधी धर्मांतर, पण काहीतरी असतं.

पायरी २ : नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त आपटतात. जुन्या कागदात आडनाव बरेचदा नसतंच. 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वल्द तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. बाईच्या नावापुढे 'कोम' आलं तर ती त्या माणसाची बायको. एका गावात त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे दोन इसम सहज निघतात, आणि त्याच नावाची गावंही जिल्ह्यात चार चार असतात, तेव्हा तालुका बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझा नियम असा की नाव, बापाचं नाव, गाव आणि वय या चारातलं किमान तीन जुळलं पाहिजे, आणि शिवाय दुसऱ्या एखाद्या कागदातून दुजोरा मिळाला पाहिजे.

कागद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडूनच वाचून घ्या, आणि जमलं तर दोघांकडून वेगवेगळं. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग अक्षरं लटकवत जायची, शब्दात जागा सोडायची नाही, ऱ्हस्व दीर्घाचा भेद पाळायचा नाही, त्यामुळे वाचणारा अंदाजाने शब्द तोडतो आणि घाईत तोडला की नाव बदलतं. सनाचंही तसंच. इसवी सन काढायला शक असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली (जुनं महसुली वर्ष) असेल तर ५९०, महिन्याप्रमाणे एखादं वर्ष इकडे तिकडे होईल.

आणि वयाचं गणित करा, साधं वजाबाकीचं. आमच्या घरात पक्की समजूत होती की थोरले १८५७ च्या बंडात पकडले गेले. रजिस्टर १९१२ चं, त्यात वय ४० लिहिलेलं. म्हणजे बंडाच्या वेळी त्यांचा जन्मही झाला नव्हता.

पायरी ३ : कच्चा का पक्का

रजिस्टरचं पहिलं पान, निदान मथळा तरी मागून घ्या, नुसता नावाच्या ओळीचा फोटो पुरत नाही. तुरुंगात कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला चालू आहे तो, आणि पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. आमच्या पानावर जे ३०२ होतं ते कच्च्या कैद्यांच्या रजिस्टरातलं होतं. म्हणजे खुनाचा आरोप होता, बस. सुटलेही असतील, कलम बदललंही असेल, फाशीही झाली असेल. आमच्या ग्रुपवर मात्र दोन दिवसांच्या शांततेनंतर थेट 'आपल्या घरात खुनी होता' इथपर्यंत गाडी गेली होती, आणि एक काका तर म्हणाले की हे दुसऱ्या कुणाचं तरी नाव आहे, विषय बंद. जातीच्या दाखल्यासाठी मात्र तेच नाव आपलं होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

पायरी ४ : कलम वाचायला शिका

१ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड विधान लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या कागदात कलमाचा आकडा असतो आणि तो सगळ्यात जास्त बोलतो. त्याआधीच्या मुंबई इलाख्यातल्या कागदात १८२७ च्या रेग्युलेशनचा उल्लेख येईल. आत्ताची न्याय संहिता १ जुलै २०२४ ची, तिचे आकडे जुन्या कागदाला लावू नका, सगळं उलटंपालटं होईल.

नेहमी दिसणारी कलमं : ३०२ खून, ३०४ सदोष मनुष्यवध, ३७९ चोरी (यात गुरांची चोरी भरपूर), ३९५ दरोडा, ४११ चोरीचा माल घेणं, १४७ दंगा, ४२० तर सांगायलाच नको. ३१८ म्हणजे मूल जन्मल्याचं लपवण्यासाठी मेलेल्या अर्भकाची परस्पर विल्हेवाट लावणं. हे कलम बाईच्या नावापुढे दिसलं तर जरा थांबा. विधवेचं लग्न नाही, केशवपन, आणि घरातल्याच कुणीतरी केलेलं पाप, यातून गेलेल्या बायका त्या आकड्यामागे आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याचसाठी. घरात 'ती विहिरीत पडली' एवढंच सांगितलेली कुणी बाई असेल तर तिच्याबद्दल शोधताना 'गुन्हेगार पूर्वज' हा शब्द मला तरी वापरवत नाही.

एक कलम फसवं आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ११०. हे सराईत वाटणाऱ्या माणसाकडून चांगल्या वागणुकीचा जामीन घ्यायचं कलम. जामीन देता आला नाही की आत. म्हणजे माणूस वर्षभर तुरुंगात आहे आणि एकही गुन्हा शाबीत नाही, फक्त पाटलाचं आणि फौजदाराचं मत वाईट.

आता उलट बाजू. आपल्याकडे तुरुंगात गेलेला प्रत्येक पूर्वज स्वातंत्र्यसैनिक करायची फार हौस आहे. माझी आजी सांगायची, थोरले इंग्रजांच्या तुरुंगात होते. खोटं नव्हतंच ते, १९१२ ला दुसरा कुणाचा तुरुंग होता? तेव्हा सरळ तपासा. १२४अ राजद्रोह असेल, १९३० च्या सुमाराला मिठाचा किंवा जंगलचा कायदा मोडल्याबद्दल शिक्षा असेल, १९४२ नंतर भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असेल, तर चळवळीची शक्यता दाट. घरात १९७२ चा ताम्रपट किंवा सन्मान पेन्शनचे कागद असतील तर प्रश्नच मिटला.

पण नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडे चिमठाण्याजवळ पत्री सरकारच्या मंडळींनी सरकारी खजिना लुटला, पोलिसांच्या कागदात तो दरोडाच आहे. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये घातले तेही दरोडेच, एडनला पाठवलं त्यांना, तिथेच १८८३ ला गेले. १८७५ ला सुप्याला आणि आजूबाजूच्या तालुक्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, पकडलेल्यांच्या नावापुढे दंगा आणि लूट लागलं. म्हणून कलमाबरोबर साल, गाव आणि बरोबरचे आरोपी कोण हे तिन्ही बघा. वीस जण एका दिवशी एका गावातून पकडलेत तर काहीतरी सामुदायिक आहे. एकटाच माणूस, शेतातली कुऱ्हाड, आणि मयत शेजारी, तर त्याला क्रांतिकारक करायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ५ : निकाल शोधा

खालच्या कोर्टाचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात, शंभर वर्षांपूर्वीच्या खटल्याची पूर्ण फाइल मिळाली तर नशीब. तरी जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून बघा, नाही मिळालं तर 'उपलब्ध नाही' असं लेखी घ्या, नाहीतर तुम्हीच दोन वर्षांनी परत तिथेच जाल. पोलीस किंवा तुरुंगाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करताना कायद्याच्या कलम ८ च्या पोटकलम ३ चा उल्लेख करा, वीस वर्षांहून जुनी घटना असेल तर नकाराची बरीचशी कारणं तिथे गळून पडतात.

वरच्या कोर्टात मात्र आशा असते. फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देता यायची नाही, त्यामुळे फाशीचं प्रत्येक प्रकरण वर जायचंच. मुंबई हायकोर्ट १८६२ चं, छापील निवाडे १८७६ पासूनच्या 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' या ग्रंथमालेत मिळतात, बरेचसे स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत. शोधताना खटल्याचं नाव इंग्रजीत येईल हे लक्षात ठेवा, आणि आपल्या नावाचं स्पेलिंग साहेबाने कसं केलं असेल त्याचे सहा सात प्रकार करून बघा. 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध' असेल तर १८७७ ते १९०१ मधला, नुसतं 'एम्परर विरुद्ध' असेल तर नंतरचा. हे सगळं मुंबई इलाख्यापुरतं. तुमचं गाव मराठवाड्यात असेल तर निजामाची कोर्टं आणि उर्दू कागद, विदर्भात असेल तर १९३६ च्या आधी नागपूरचं ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, गोव्यात असेल तर पोर्तुगीज आणि पणजीचं पुराभिलेख खातं. राज्य पुराभिलेखागाराच्या शाखा मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. जाताना ओळखपत्र न्या आणि मनात एक नाही, दहा वर्षांचा काळ धरून जा.

मला निवाडा मिळाला नाहीच. मिळाल्या त्या एका जुन्या वर्तमानपत्रातल्या सहा ओळी, त्याही सातव्या दिवशी, मायक्रोफिल्म फिरवून फिरवून डोळे चुरचुरायला लागल्यावर. बांधावरची बाभूळ तोडण्यावरून तंटा, तोडायला आणलेल्या कुऱ्हाडीचाच घाव, शेजारी दुसऱ्या दिवशी मयत, सेशनने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरून दहा वर्षं सक्तमजुरी दिली. मयताचं नावही होतं. ते नाव मी ओळखत होतो, म्हणजे त्या माणसाला नाही, ते नाव आमच्या शेजारच्या शेतवाल्यांच्या घरात आजही चालू आहे. आमच्यात थोरल्यांचं बंद पडलं आणि त्यांच्यात त्याचं चालू राहिलं.

पायरी ६ : जमिनीचे कागद

खरं सांगायचं तर मी इथूनच सुरुवात करायला हवी होती. माणूस तुरुंगात गेला तरी जमीन गावातच असते आणि तलाठ्याला काहीतरी लिहावंच लागतं. जुने सातबारे, जमिनीचं जुनं कडई पत्रक आणि मुख्य म्हणजे फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) बघा. काही जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन आहेत, बाकी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक.

आमच्या फेरफारात १९१६ ची नोंद निघाली, शाई विटलेली पण अक्षर मोत्यासारखं : 'सदर इसम सजा भोगीत असलेने त्याचे हिश्शाची वहिवाट धाकटा भाऊ करीत आहे', खाली 'तकरार नाही' आणि मंजुरीची सही. १९२१ ला दुसरी, 'सजा भोगून घरी आलेने' नाव परत लावलं. आणि त्यानंतर तीनच वर्षांत हिस्सा भावाच्या नावे, कारणाच्या जागी एकच शब्द, परागंदा. म्हणजे माणूस तुरुंगातून घरी आला होता, आणि मग घरातून गेला. ही गोष्ट कोर्टाच्या कुठल्याही कागदात मिळाली नसती. शिक्षा नऊ वर्षांत भोगून झाली, गावात मात्र तीन वर्षं निघाली नाहीत.

त्र्यंबकेश्वर नाहीतर नाशिकच्या तुमच्या क्षेत्रोपाध्यांकडच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांकडच्या वह्याही बघून या. घराण्यातलं कोण कधी आलं, बरोबर कोण होतं हे तिथे लिहिलेलं असतं, आणि कोण आलं नाही हेही कळतं. आमच्या भावकीच्या नोंदींत १९२१ नंतर थोरले कुठेच नाहीत.

पायरी ७ : 'काळं पाणी' ऐकलं की लगेच सेल्युलर जेल नको

अंदमानची कैद्यांची वसाहत १८५८ ची, सेल्युलर जेल बांधून झालं १९०६ ला. तिथे पाठवलेल्यांत राजकीय कैदी मूठभर, बाकी बहुतेक खून दरोड्यातले जन्मठेपवाले. काही वर्षं नीट वागलं की मोकळीक मिळायची, जमीन कसायला मिळायची, कित्येकांनी तिथेच संसार थाटले. १८५८ च्या आधी शिक्षा झालेली असेल तर सिंगापूर, मलाक्का, पिनांग, आणि १८१५ पासून मॉरिशससुद्धा. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्या हातचं आहे. तेव्हा समुद्रापार गेलेला पूर्वज मेलाच असं धरू नका, तिकडे तुमची भावकी असू शकते. कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असायचा, त्यावर नंबर, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख. सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६० होतं हे आपण वाचलेलं असतं, तसाच बिल्ला गुरं चोरणाऱ्याच्याही गळ्यात होता.

पायरी ८ : जी रजिस्टरं जातीवरून भरली

हे वगळून चालणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आधी उत्तरेकडे आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशांची नावं, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. कायदा १९५२ ला रद्द झाला, ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळतात. तुमच्या आज्याचं नाव असल्या रजिस्टरात असेल तर त्याने काही केलं होतं असा त्याचा अर्थ नाही, तो कुठल्या आईच्या पोटी जन्मला एवढीच ती नोंद. आणि तुम्ही दुसऱ्याचं घराणं शोधून देत असाल तर हे पान ग्रुपवर टाकायच्या आधी दहादा विचार करा.

पायरी ९ : कुणाला सांगायचं

आधी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला, एकट्याला, प्रत्यक्ष भेटून. ग्रुपवर नाही, आमचं बघितलंत ना. छापील कुलवृत्तांत किंवा फेसबुकवर टाकणार असाल तर एक कायद्याची गोष्ट : मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, जुन्या ४९९ मध्ये होतं आणि नव्या संहितेच्या ३५६ मध्येही आहे, लिखाण जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवायला केलेलं असेल तर. तेव्हा कागदात आहे तेवढंच लिहा, विशेषणं लावू नका. खुनी, नराधम, बिचारा, काहीच नको. साल, कलम, शिक्षा.

आणि समोरची बाजू विसरू नका. ज्याचा माणूस गेला त्यांचंही एक घराणं असतं, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा बांधाला बांध लावून असतं.

मी गेलो गेल्या मार्चमध्ये. शेजारचे तात्या ऐंशीच्या पुढचे, ओट्यावर लसूण निवडत बसलेले. मी बराच वेळ पाऊसपाणी, कांद्याचा भाव, असलं बोलत राहिलो, शेवटी फाइल काढली आणि म्हटलं तात्या, एक जुनी गोष्ट सापडलीय, बाभळीची. त्यांनी फाइल हातात घेतलीच नाही.

"लहानपणापासून माहितीये आम्हाला. तुम्हा पोरांनाच नव्हतं सांगितलेलं."

मग सुनेला चहा टाकायला सांगितला आणि लसणाच्या पाकळ्या सुपात सरकवत म्हणाले, बाभूळ ७२ च्या दुष्काळापर्यंत होती की, कुणी हात लावत नव्हतं तिला, पाला तेवढा शेळ्या खायच्या. चुलीला सरपण उरलं नाही तेव्हा तुझा आजा आला माझ्या बापाकडे, दोघं मिळून गेले, तोडली, आणि तिथेच बांधावर बसून निम्मं निम्मं वाटून घेतलं लाकूड. "मी होतो ना, मोळी मीच आणली आमची."